आधी काम, मग कॅमेरा

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याची सरळ वाटणी केली आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावरचे. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. घाट उतरताना बोली बदलते, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याची चवही बदलते. एक वाद मात्र दोन्हीकडच्या घरांत सारखाच ऐकू येतो. पोरगं म्हणतं, चॅनल काढतो. घरचे म्हणतात, त्यापेक्षा काही कामाचं कर. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि डेटा खेड्यातल्या खिशाला परवडू लागला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले. व्हिडिओ बनवणे ही शहरातली हौस राहिली नाही. तरीही हा वाद कधी तडीस जात नाही, कारण दोन्ही बाजू एकमेकांना टोमणे मारून उठतात. म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवले आहे : नांदुऱ्यात कृषी केंद्र चालवणारे मामा, आणि पदवी घेऊन मेहकर तालुक्यात घरची शेती पाहणारा भाचा. माणसे कल्पित आहेत, मुद्दे रोजच्या बोलण्यातले आहेत. अधूनमधून लेखकही तोंड घालणार आहे, कारण दोघांचेही अर्धे-अर्धे बरोबर आहे असे त्याचे मत आहे.

भाचा : मामा, चॅनल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नुसती नाचगाणी येतात. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ ला चढला. एकोणीस सेकंदांचा आहे. प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून एक तरुण त्यांच्या सोंडेबद्दल दोन वाक्यं बोलतो, बस. दिवे नाहीत, सेट नाही. आपल्याकडचं बघा. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना रेसिपी टाकायला सुरुवात केली; आज त्यांचं नाव ठाऊक नसलेलं मराठी स्वयंपाकघर शोधावं लागेल. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', सत्तरीच्या घरात असताना नातवानं त्यांचा स्वयंपाक मोबाईलमध्ये टिपायला घेतला. सांगलीकडचे संतोष जाधव 'इंडियन फार्मर' या नावानं शेती दाखवतात, सिंधुदुर्गातले प्रसाद गावडे 'कोकणी रानमाणूस' म्हणून रान दाखवतात. यांतल्या कुणालाही कुठल्या टीव्हीवाल्यानं बोलावून संधी दिली नव्हती. नोकरीसाठी मी पुण्याच्या खोलीत चौघांत राहावं हे तुम्हाला चालतं, आणि घरी राहून, शेती सांभाळून मी काही उभं करू पाहतो तर ते तुम्हाला उनाडक्या वाटतात.

मामा : हाव, चार नावं सांगितली. बुडालेल्यांची नावं कोण सांगणार, भाचेबुवा? त्यांचे व्हिडिओ कुणी पाहिलेच नाहीत, मग नावं कुठून कळणार? आता माझ्याकडून हिशेब ऐक, दुकानदार माणूस आहे मी. लांब व्हिडिओला जाहिरातीचे पैसे मिळायचे तर १,००० सबस्क्रायबर पाहिजेत आणि बारा महिन्यांत लोकांनी ४,००० तास पाहिलेलं पाहिजे. शॉर्ट्सच्या वाटेनं गेलास तर नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिलं गेलं पाहिजे. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस तुझा व्हिडिओ सरासरी तीन मिनिटं पाहतो असं धरू, तरी वर्षात ८०,००० वेळा तो पाहिला गेला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. म्हणजे लेकरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे धरून दर बत्तीस माणसांमागं एकानं तुझं थोबाड पाहावं, तेव्हा कुठं दार उघडतं. दार उघडल्यावर जाहिरातीच्या रुपयातले पंचावन्न पैसे तुझे, शॉर्ट्सवर पंचेचाळीस. आणि खात्यात शंभर डॉलर साचल्याशिवाय एक रुपया हाती येत नाही. तोवर तुझ्या तुरीत तण माजलेलं असेल. कायले लागतो बाप्पा याच्या नादी?

मामांचा हिशेब बरोबर आहे, आणि नव्याने चॅनल काढणाऱ्या प्रत्येकाने तो फोन हातात घेण्याआधी कागदावर मांडावा. जाहिरातीच्या पैशावर घर चालवू असे ठरवून जो या वाटेला लागतो, तो पहिल्या सहा महिन्यांतच हिरमुसतो किंवा मग काहीही करून डोळे खेचण्याच्या मागे लागतो. पण या हिशेबातून 'सुरूच करू नये' हा निष्कर्ष निघत नाही. जाहिरात हेच व्हिडिओचे उत्पन्न असे धरून चालू नये, इतकेच त्यातून निघते. भाच्याने घेतलेल्या चार नावांकडे त्या दृष्टीने पुन्हा पाहावे. स्वयंपाक येत होता, मग रेसिपीचा चॅनल झाला. आजींच्या हाताला कित्येक वर्षांची चव होती, नातवाने ती फक्त टिपली. शेती होती म्हणून शेतीचे व्हिडिओ झाले, रान पायाखालचे होते म्हणून रानाचे झाले. चारही ठिकाणी काम आधी होते आणि कॅमेरा मागून आला. यावर कोणी म्हणेल की काम असूनही न चाललेले चॅनल ढिगाने असतील. असतीलच. या चार नावांनी यश सिद्ध होते असा दावा मुळी नाही. मुद्दा अपयश आले तर काय उरते याचा आहे. कामाशिवाय काढलेला चॅनल बसला की हातात काहीच उरत नाही. कामातून निघालेला चॅनल बसला तरी काम उरते, शिवाय ते चारचौघांना नीट समजावून सांगण्याची सवय लागलेली असते. ती सवय दुकानात, शाळेत, बचत गटात, मुलाखतीत, कुठेही कामी येते.

भाचा : पण मामा, माझ्याकडे दाखवण्यासारखं काम कुठलं? सोयाबीन आणि तूर. ती तर आमच्याकडे घरोघर आहे, त्यात बघण्यासारखं काय? मला वाटत होतं फिरून करावं. लोणारचं सरोवर, शेगावचं मंदिर, सिंदखेडराजाचा जिजाऊंचा राजवाडा. पण तिथं जाऊन बघावं तर आधीच शंभर जण उभे. ड्रोन उडवून झालेत, गाणी लावून झालीत. जिल्ह्यात उरलंय काय?

मामा : घरोघर आहे म्हणतोस, मग घरोघरच्यांना माझ्या दुकानात का यावं लागतं? जुलै उजाडला की काउंटरवर एकच रांग. सोयाबीन पिवळं पडलं, हा मोझॅक की लोहाची कमतरता? हे औषध त्या औषधात मिसळलं तर चालते का? शेंडा वाळला, आत खोडमाशी आहे की चक्रभुंगा? दिवाळीआधी दुसरी रांग : हमीभावाच्या केंद्रावर माल परत काऊन केला? आता त्या माणसाले कोण सांगणार की खरेदीचा नियम १२ टक्के ओलाव्याचा आहे, २०२४ मध्ये तेवढी १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, आणि सकाळी दवात भरलेलं पोतं यंत्राले ओलंच दिसते. दिवसातून वीसदा तेच ते सांगून घसा बसतो माझा. पण हे सांगायला अकोल्याचं कृषी विद्यापीठ बसलं आहे, खातं आहे, कंपन्यांची माणसं आहेत. तुझ्यासारख्या पोराचं कोण ऐकणार?

मामांनी नकार देता देता वर्षभराचे विषय पुरवले, हे त्यांच्या ध्यानात आलेले नाही. नवख्याचा पहिला पेच 'विषय काय' हा असतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा अशाच काउंटरवर पडलेले असते. जो प्रश्न दिवसातून वीसदा विचारला जातो, त्याचे उत्तर एकदा नीट चित्रित केले की ते पुढे फिरत राहते. 'पोराचं कोण ऐकणार' या शंकेलाही अनुभवाचा आधार आहे, पण उलट बाजूने. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन' या उपक्रमाने कर्नाटकातल्या खेड्यांत गावच्याच शेतकऱ्यांना घेऊन छोटे व्हिडिओ केले आणि गावातल्याच माणसाने ते लोकांना बसवून दाखवले. नेहमीच्या प्रशिक्षण-भेटींच्या पद्धतीशी तुलना केली तेव्हा खर्चाच्या मानाने ही पद्धत दहापट परिणामकारक ठरल्याचे त्यांच्या अभ्यासात आढळले. पाहणारा विश्वास ठेवायचा तो समोरच्याची बोली, कपडे, हातवारे आपल्यासारखे आहेत का हे पाहून. विद्यापीठाची शिफारस बरोबरच असते. पण ती अमुक गावच्या अमुक वावरात लागू पडते हे दाखवायला त्या वावरातला माणूस लागतो. शिफारस विद्यापीठाची आणि वावर आपले, अशी जोडी जमली की ऐकणारा मिळतो. जोडी जमवताना शिफारस कुठली, कोणत्या हंगामाची, हे बोलून दाखवायचे. आपल्या डोक्यातली मात्रा विद्यापीठाच्या नावावर खपवायची नाही.

घाटाखाली कपाशी जास्त, म्हणून एक उदाहरण तिथलेच जवळून पाहू. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीला फूल लागते. त्यातली काही फुले उमलत नाहीत, पाकळ्या पिळून बांधल्यासारख्या मिटलेल्या राहतात. यालाच डोमकळी म्हणतात आणि आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. आता फोन डाव्या हातात आडवा धरायचा, पाठीवर सकाळचे ऊन घ्यायचे म्हणजे ते थेट फुलावर पडते. पडद्यावर फुलावर बोट ठेवून फोकस पक्का करायचा आणि उजव्या हाताने पाकळ्या सोलायच्या. आतून निघणारी लहान अळी पांढुरकी असते. गुलाबी रंग तिला पुढे, मोठी झाल्यावर येतो. गुलाबी अळी शोधणारा शेतकरी इथेच चुकतो, पांढरी दिसली म्हणून सोडून देतो. ही एक गोष्ट चाळीस सेकंदांत दिसते. पुढच्या मिनिटात कामगंध सापळा दाखवायचा आणि सांगायचे : सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग अडकले तर उपाय करायची वेळ आली. दोन-अडीच मिनिटांत व्हिडिओ संपला. चेहरा दिसला नाही तरी चालेल, गाणे तर नकोच. अशा व्हिडिओला मथळाही शेतकरी विचारतो त्याच शब्दांत द्यावा, कारण शोधणारा 'कीड व्यवस्थापन' असे शोधत नाही, 'कपाशीत डोमकळी' असे शोधतो.

भाचा : पटलं. पण असल्या व्हिडिओला दोनशे माणसं बघतील, मामा. शेगावकडे टक्कल पडायला लागलं तेव्हा ज्यानं ज्यानं मोबाईल धरला, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. लोक काय बघतात ते मी ठरवत नाही. आधी गर्दी जमवली आणि मग त्यांना कामाचं दाखवलं तर काय बिघडलं?

मामा : तेच तर! तेच पाहून मी म्हणतो की हा धंदाच वाईट. कुणाच्या घरात शिरायचं, बाईच्या डोक्यावर मोबाईल धरायचा, आणि खाली लिहायचं 'टक्कल व्हायरस'. ना डॉक्टर, ना तपासणी. त्या गावच्या पोरापोरींनी उद्या कुठं तोंड दाखवायचं? अशी गर्दी जमवायची असेल तर माझ्या दुकानाची पायरी चढू नको.

बोंडगाव, काळवड, हिंगणा ही शेगाव तालुक्यातली गावे. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या लोकांचे केस काही दिवसांत गळू लागले. खारपाणपट्टा म्हणून संशय आधी पाण्यावर गेला, मग बुरशीवर, मग शाम्पूवर. आणि प्रत्येक संशय निष्कर्षाच्या थाटात व्हिडिओंतून पुढे सरकला. पाण्याचे आणि रक्ताचे नमुने तपासायला गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले. पुढे फेब्रुवारीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या कित्येक पट जास्त असल्याचे मांडले. व्हायरसचा त्यात संबंध नव्हता. पण 'व्हायरस' हा शब्द तोवर गावांना चिकटला होता आणि तो चिकटवणाऱ्या मोबाईलवाल्यांपैकी बहुतेक जण पुढच्या विषयाकडे निघून गेले होते. भाच्याचा युक्तिवाद इथे ढासळतो. 'आधी गर्दी, मग काम' हा क्रम प्रत्यक्षात जमत नाही, कारण भीती पाहायला जमलेली गर्दी डोमकळी पाहायला थांबत नाही, आणि तिला थांबवायचे तर रोज नवी भीती पुरवावी लागते. मामांचा युक्तिवादही इथे अपुरा पडतो. कामाच्या लोकांनी कॅमेरा हातात न घेतल्याने तो नाहीसा होत नाही, तो बिनकामाच्या हातात राहतो. त्या जानेवारीत गावच्याच एखाद्या आशाताईने किंवा शिक्षकाने 'आज काय कळले, काय कळायचे आहे, कुठली अफवा आहे' इतकेच रोज दोन मिनिटे सांगितले असते, रुग्णांचे चेहरे न दाखवता, तर गावाच्या बाजूने बोलणारा एक तरी व्हिडिओ राहिला असता.

कॅमेऱ्याने करावे असे काम जिल्ह्यात पडून आहे, आणि त्यातले पुष्कळसे घाईचे नसून चिकाटीचे आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, अठरा धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून पाऊसपाण्याचे, पिकांचे भाकीत सांगतात. त्या सकाळी व्हिडिओंचा पूर येतो. खरी गोष्ट मात्र ऑक्टोबरात घडू शकते : कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात, ते घ्यावेत आणि अक्षय्य तृतीयेच्या भाकिताशेजारी ठेवून दाखवावेत. कुणाची टिंगल नको, जयजयकारही नको. दोन रकाने, एक भाकिताचा, एक पावसाचा. लोणारचेही तसेच. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा जगभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून क्षारता वाढल्याने फोफावणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. अशा सरोवराचा महिन्यातून एकदा, एकाच जागेवरून, एकाच वेळी घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ पाच वर्षे जमवला तर तो शंभर ड्रोन-व्हिडिओंपेक्षा मोलाचा ठरेल, आणि त्याला ड्रोन लागणारही नाही. अभयारण्याचा आणि पुरातत्त्व खात्याचा परवानगीचा नियम मात्र आधी विचारून घ्यावा.

भाचा : बरं, काम आधी. पण बोलू कसा? मेहकरकडची आमची बोली धड वऱ्हाडी नाही, धड मराठवाडी नाही. कॅमेऱ्यापुढं 'मित्रांनो नमस्कार' म्हणायला गेलो की आवाज रेडिओसारखा होतो, आणि घरच्यासारखं बोललो तर पुण्याची पोरं खाली हसणाऱ्या बाहुल्या टाकतील.

मामा : टाकू दे. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया' ही अख्खी कादंबरी वऱ्हाडीत लिहिली, ती पुण्यानंही वाचलीच ना? आपल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ले २००४ चा साहित्य अकादमी मिळाला, अन् त्यातली माणसं आपल्यासारखीच बोलतात. माझ्या काउंटरवर येणारा माणूस 'मले सांग' म्हणतो. त्याले 'मित्रांनो' म्हणशील तर तो म्हणेल, हा कुठल्या कंपनीचा एजंट आला?

बोलीचा प्रश्न मामांनी सोडवला आहे, तेव्हा उरलेली तयारी थोडक्यात. नवखा माणूस पैसे घालवतो ते चित्रावर, आणि लोक व्हिडिओ सोडून जातात ते बहुधा आवाजामुळे. म्हणून पहिला खर्च काही शे रुपयांच्या वायरच्या कॉलर माइकचा. वावरात वारा असेल तर माइकवर स्पंजची टोपी हवीच, नसेल तर रुमालाची एक घडी चालते. फोनची काच उपरण्याने पुसावी. निम्मे धूसर व्हिडिओ बोटांच्या तेलाने धूसर झालेले असतात. चित्रण सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, म्हणजे डोळे मिचकावावे लागत नाहीत. बोलायचे मुद्दे कागदावर पाचच ओळींत लिहावेत : प्रश्न काय, तो कुणाला पडतो, उत्तर काय, ते कशावरून, आणि कुठे लागू पडत नाही. पाचवी ओळ बहुतेक जण गाळतात, आणि विश्वास तिच्यावरच बसतो. पहिल्याच वाक्यात प्रश्न यावा. 'चॅनलला सबस्क्राइब करा' हे उत्तर देऊन झाल्यावर. गाणे लावायचेच असेल तर यूट्यूबच्या स्वतःच्या मोफत संग्रहातले घ्यावे. नव्वद दिवसांत कॉपीराइटभंगाचे तीन स्ट्राइक पडले तर चॅनल बंद होऊ शकतो. 'आपली आजी'चा चॅनल २०२० मध्ये हॅक झाला होता आणि काही दिवसांनी परत मिळाला. म्हणून खात्याला दुहेरी पडताळणी पहिल्याच दिवशी लावावी. व्हिडिओत दुसऱ्याचे वावर, चेहरा किंवा मूल येत असेल तर आधी विचारावे, आणि नाही म्हटले तर वाद घालू नये. व्हिडिओ चढवल्यावर यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक कुठे सोडून गेले ते दाखवणारा आलेख पाहावा. रेघ जिथे एकदम खाली येते तिथे आपण काय बोललो ते ऐकावे. नवख्याला याहून चांगला शिक्षक मिळणार नाही, आणि त्याची फी नाही.

मामा : सगळं ऐकलं. शेवटची शंका. हे सगळं दुसऱ्याच्या वावरात पेरणं आहे. मालक परदेशात, नियम तो करतो, उद्या म्हणाला तुझा चॅनल दिसणार नाही, तर तू कुणाकडे जाशील? आणि वेळेचं काय? खरिपात डवरणी सोडून तू एडिटिंग करत बसशील.

भाचा : नियम त्यांचे आहेत हे खरं. म्हणून मूळ व्हिडिओ मी माझ्याकडे ठेवीन, गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकीन, ग्रामसभेत दाखवीन. उत्तर माझं आहे, यूट्यूब ते पोचवण्याची एक वाट. वेळेचंही ठरवतो. या खरिपापुरतं, मृगापासून दिवाळीपर्यंत, आठवड्याला एक, तोही वावरात जे काम चाललंय त्याचाच. वेगळं काम काढायचं नाही. दिवाळीला सबस्क्रायबर मोजणार नाही. तुमच्या काउंटरवर 'हे व्हिडिओत पाहिलं' म्हणत किती जण आले ते तुम्हीच मला सांगा. कुणीच आलं नाही तर बंद करीन, आणि तुम्हाला बोलायलाही जागा देईन.

लेखकाच्या मते हा तह टिकण्यासारखा आहे, कारण त्यात दोघांनीही आपापली मोजपट्टी बदलली. मामा व्हिडिओला जाहिरातीच्या रुपयात मोजत होते आणि भाचा पाहणाऱ्यांच्या गर्दीत. दोघांच्या मापाने बुलढाण्यातला नवखा माणूस हरणारच, कारण मराठी मुलखातल्या एका जिल्ह्याच्या शेतीच्या प्रश्नाला देशभराची गर्दी जमत नाही आणि जमू नये. पण एका तालुक्यात एका हंगामात एकच चुकीची फवारणी वाचली, हमीभावाच्या केंद्रावरून परत जाणारे एक पोते वाचले, तर दोनशे जणांनी पाहिलेला व्हिडिओ आपले काम करून गेला. पैसा आला तर तो त्या विश्वासाच्या मागून येईल : कुणी बियाणे मागेल, कुणी व्याख्यानाला बोलावील, कुणी खामगावच्या चांदीच्या कारागिराचे काम चित्रित करून दे म्हणेल. आणि औषध कंपनीचा माणूसही येईल, पाकीट घेऊन. त्या दिवशी चॅनलची खरी परीक्षा. पैसे घेऊन केलेला प्रचार तसे सांगूनच करावा, हा जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांसाठी घालून दिलेला नियम आहे. यूट्यूबही तेच मागते. पण नियम नसता तरी ज्या गावात आपण राहतो तिथे हे लपत नाही.

मामा : मंग ठरलं. सोमवारी ये, सोयाबीनच्या ओलाव्याचं यंत्र दुकानात आहे, त्यापासून सुरू कर. फक्त एक ध्यानात ठेवजो. माझ्या दुकानातल्या मालाचं नाव तोंडातून निघालं, तर आधी सांगजो की हे दुकान माझ्या मामाचं आहे.